स्लॅब किती इंची? आधी त्यावर काय ठेवणार ते सांगा

नांदेडच्या इतवाऱ्यात असो की लातूरच्या गंजगोलाईत, बांधकाम निघाले की मालक मिस्त्रीला विचारतो, "स्लॅब किती इंची टाकायचा?" मिस्त्री म्हणतो, "पाच इंची." मालकाला अधिक मजबुती हवी असेल तर तो सांगतो, "सहा इंची टाका, खर्चाची काळजी नको." बोलणे तिथेच संपते. आमच्या मते चूकही तिथेच सुरू होते. जाडी हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की, त्या स्लॅबवर कोणता भार येणार?

भाराचे हिशोब भारतीय मानक ८७५ मध्ये दिलेले आहेत. दर चौरस मीटरला राहण्याच्या खोलीसाठी सुमारे २०० किलो, शाळेच्या वर्गासाठी ३००, किरकोळ विक्रीच्या दुकानासाठी ४००, लोक दाटीने जमतात अशा दालनासाठी ५०० आणि मालाच्या गोदामासाठी किमान ७५० किलो भार धरावा लागतो. मशिदीच्या वरच्या मजल्याचा हिशोबही घराचा नव्हे, जमावाचा धरायचा असतो. गोदामात माल जितका उंच रचाल तितका आकडा वाढतो. सिमेंटची ५० किलोची दहा पोती एकावर एक ठेवली तर तेवढ्या जागेवर दर चौरस मीटरला सुमारे २,००० किलो वजन पडते. म्हणजे घराच्या स्लॅबसाठी धरलेल्या भाराच्या दहापट!

आमच्या दोन्ही शहरांत नेमके हेच दुर्लक्षिले जाते. राहण्यासाठी बांधलेला वरचा मजला भाडे चांगले येते म्हणून माल साठवायला दिला जातो. लातुरात शिकवणी वर्ग वाढले, तशा राहत्या घरांच्या अभ्यासिका आणि वसतिगृहे झाली. भाडे वाढले, पण खालचा स्लॅब तोच राहिला. भाडेकरू व्यापारी दुकानाची पगडी, वीज आणि रस्ता पाहतो. हा मजला किती वजनासाठी बांधला, हे मात्र विचारत नाही.

जाडीचा अंदाज द्यायचाच तर असा देता येईल. चारही बाजूंनी बीमचा आधार आणि लहान बाजू १० ते १२ फूट असेल, तर घरासाठी साधारण साडेचार ते पाच इंच जाडी येते. त्याच मापाच्या दुकानासाठी पाच ते सहा इंच. वरच्या मजल्यावर गोदाम करायचे असेल तर मात्र अंदाजाने बांधूच नये. आधारांमधले अंतर दुप्पट झाले की स्लॅबला वाकवणारा जोर चौपट होतो. म्हणून पुष्कळदा जाडी वाढवण्यापेक्षा मध्ये एक बीम घेणे स्वस्त आणि भक्कम ठरते.

"जाड ते मजबूत" हा समज महाग पडतो. १,००० चौरस फुटांच्या स्लॅबची जाडी एक इंच वाढवली की इमारतीवर सुमारे सहा टन वजन वाढते आणि सिमेंटची १९ पोती जास्त लागतात. हे वजन कॉलम आणि पायाला कायमचे पेलावे लागते. भूकंपात तर जितके वजन जास्त तितका धक्का मोठा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि त्यांच्यावरची मातीच्या जाड थराची माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. त्या वेळी हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला धक्का नांदेडलाही जाणवला. डोक्यावर विनाकारण वजन चढवू नये, हा धडा मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

जाडी बरोबर असूनही स्लॅब पडतो, तो सळई चुकीच्या जागी असल्याने. बाल्कनी आणि छज्जाची मुख्य सळई वरच्या बाजूला लागते. माल ओतताना मजूर तिच्यावरून चालतात आणि ती खाली दबते. पाच इंची बाल्कनीत सळई एक इंच खाली गेली तर सुमारे चौथा हिस्सा ताकद गेलीच म्हणून समजा. मग सहा इंची स्लॅब टाकल्याचे समाधान काय कामाचे? पाणी मारण्याचेही तसेच आहे. पोर्टलँड पोझोलाना सिमेंट असेल तर किमान १० दिवस स्लॅब ओला राहिला पाहिजे. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या गावाने तो उन्हाळा पाहिला, तिथे स्लॅबची तारीख पाण्याची सोय बघूनच ठरवावी.

जमिनीवरच्या फरशीचा हिशोब आणखी वेगळा आहे. अंगणाला तीन-चार इंच पुरतात, ट्रक आत येणार असेल तर सहा ते आठ इंच लागतात. पण खाली आपली काळी माती तशीच ठेवली तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि आठ इंची काँक्रीटलाही तडे देते. तिथे आधी पैसा माती काढून मुरूम दाबण्यावर घालावा.

आमचे सांगणे एवढेच. बांधकामाचा करार करताना कागदावर फक्त इंच आणि चौरस फुटाचा दर लिहू नका. कोणत्या मजल्याचा वापर कशासाठी होणार आणि दर चौरस मीटरला किती भार धरला, हे इंजिनिअरकडून नकाशावर लिहून घ्या. मजला भाड्याने घेणाऱ्या व्यापाऱ्याने तो नकाशा मागावा, आणि नकाशा नसेल तर जड माल तळमजल्यावरच ठेवावा. इंजिनिअरच्या फीचे चार पैसे वाचवणारा मालक आपली पुंजी तर धोक्यात घालतोच, पण खालच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा जीवही टांगणीला लावतो. त्या माणसाला तर कोणी काही विचारलेलेही नसते.