गेम विकत घेतला, पण आहे कुठे?

खटका (साप्ताहिक स्तंभ) : बिंदुसरेकर

५ जून २०२५ ला जपानच्या निन्टेन्डो कंपनीचं गेम खेळायचं नवं यंत्र, 'स्विच २', बाजारात आलं. बाजारात म्हणजे जपानच्या, अमेरिकेच्या, युरोपच्या. भारतात ही कंपनी स्विच अधिकृतपणे विकतच नाही. पहिला स्विच मार्च २०१७ मध्ये आला, जगभरात पंधरा कोटींवर खपला, तरी आपल्याकडं त्याचं ना अधिकृत दुकान, ना सर्व्हिस सेंटर, ना ऑनलाइन स्टोअर. असं असूनही नवं यंत्र येण्याआधी त्याबद्दल मला जेवढे फोन आले तेवढे सोलर पंपाबद्दलही येत नाहीत. कारण उघड होतं. त्या वर्षी १३ मेला दहावीचा निकाल लागला आणि "नव्वदच्या पुढं आणलेस तर मागशील ते घेऊन देतो" असं परीक्षेआधी बोलून बसलेल्या बापांकडं वसुली सुरू झाली होती.

गेवराईकडचे एक कृषी सेवा केंद्रवाले विचारत होते, "सर, चाळीस हजाराचं खेळणं म्हणतंय पोरगं. एवढ्याचं असतंय का खरंच?"

असतंय. अमेरिकेत २०२५ मध्ये किंमत ४४९.९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं साडेअडतीस हजारांच्या आसपास. आपल्याकडं येईपर्यंत त्यावर सीमाशुल्क, १८ टक्के जीएसटी आणि आणणाऱ्याचा नफा चढणार. चाळीसवर थांबलं तर नशीब म्हणायचं. शिवाय हे नुसत्या यंत्राचं झालं. 'मारिओ कार्ट वर्ल्ड' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम तिकडं ८० डॉलरला आहे, म्हणजे पावणेसात हजारांच्या वर. एक गेम! आमच्या मित्रानं एवढ्या पैशांत जुनी सायकल विकून नवी घेतली.

यंत्र चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही. ७.९ इंची पडदा, टीव्हीला जोडलं की ४के चित्र, साठवणूक २५६ जीबी, म्हणजे पहिल्या स्विचच्या आठपट. बाजूचे दोन कंट्रोलर आता लोहचुंबकानं चिकटतात आणि टेबलावर आडवे धरले की माउससारखे सरकवता येतात. 'सी' नावाचं नवं बटण दाबलं की खेळता खेळता बारा जणांना गप्पा मारता येतात. त्यासाठी सोळा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांची परवानगी लागते, हे मला आवडलं. पण आपल्या दृष्टीनं यातला सगळ्यात मोठा गुण कंपनीच्या जाहिरातीत फारसा दिसणार नाही. तो म्हणजे लाइट गेली तरी हे चालतं. डीपी जळाला, वारं सुटलं, तार तुटली, टीव्ही गप्प झाला, तरी यंत्र टीव्हीला जोडलेल्या डॉकमधून उचलायचं आणि तोच गेम हातात पुढं चालू. बॅटरी कंपनीच्याच सांगण्यानुसार दोन ते साडेसहा तास. जड गेम असेल तर दोनच धरा.

एक खोड मात्र आहे. जुन्या स्विचसाठी कंपनीनं ५ ते ३५ अंश तापमानाची मर्यादा सांगितलेली आहे. कंपनीच्या क्योटोतल्या कचेरीत बसून हा आकडा ठीक वाटत असेल. आपल्याकडं एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत रात्रीसुद्धा पारा पस्तीसच्या खाली यायचं नाव घेत नाही.

तसं पाहिलं तर निन्टेन्डो आमच्या बीडला नवी नाही. नावानं नवी असेल. नव्वदच्या दशकात ज्याला आपण नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचो, ती 'मीडिया', 'टर्मिनेटर' वगैरे छापाची यंत्रं म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकलाच होत्या. पिवळी कॅसेट, तिच्यावर 'नाइन्टी नाइन इन वन' असं काहीतरी छापलेलं, आत गेम दहा-वीसच आणि तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नंबरानं. कॉन्ट्रा, मारिओ, रणगाड्यांचा गेम, बंदुकीनं बदकं पाडायचा गेम. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढायची, तिथं गेमची लावायची, आणि बारीक चाकं फिरवत चॅनेल शोधत बसायचं; मुंग्यांतून एकदा मारिओची टोपी दिसली की घरात जल्लोष. कॅसेट चालली नाही तर काढून तिच्या दातांवर फुंकर मारायची. फुंकरीनं खरोखर काही होत होतं की काढून पुन्हा बसवल्यानं काम व्हायचं, हा वेगळा विषय. पण फुंकर न मारता कॅसेट घालणारा मुलगा मी पाहिलेला नाही.

त्या कॅसेटी गल्लीभर फिरायच्या. सुट्टीत तर एकेक कॅसेट पाच-सहा घरं करून यायची. तुझी दोन दिवस मला, माझी दोन दिवस तुला, आणि देताना "घासू नको" एवढीच अट. कुणाची कॅसेट कुणाकडं आहे याचा हिशेब पोरांच्या तोंडपाठ असायचा. कंटाळा आला की दुकानदाराला जुनी देऊन वर पन्नास रुपये टाकले की दुसरी मिळायची. त्यातला एक रुपयाही क्योटोला पोचला नाही, हे खरं; कायद्यानं ती चोरीच होती. पण आपल्या भागात हा खेळ रुजला तो या देवाणघेवाणीवर, आणि नव्या यंत्राबद्दल माझी जी मुख्य तक्रार आहे ती इथूनच सुरू होते.

स्विच २ सोबत कंपनीनं 'गेम-की कार्ड' नावाचा प्रकार आणलाय. दिसायला नेहमीचं कार्ड, डबीत बसवलेलं, वर चित्र छापलेलं. आत गेम नाही. ते यंत्रात घातलं की यंत्र इंटरनेटवरून गेम उतरवून घेतं, आणि पुढं प्रत्येक वेळी खेळताना ते कार्ड आत असावंच लागतं. कापूस खरेदी केंद्रावरच्या टोकनासारखं: टोकन तुमच्या हातात, माल दुसऱ्याच्या गोदामात. 'स्ट्रीट फायटर ६' असाच आला आणि तो जवळपास ५० जीबीचा आहे. ज्याच्या घरी फायबर नाही, रोजच्या दोन जीबीच्या रिचार्जवर काम चालतं, त्यानं फोनवर एक व्हिडिओही न बघता डेटा जपला तर पंचवीस दिवसांनी गेम उतरेल.

सगळेच गेम असे नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. निन्टेन्डोचा स्वतःचा मारिओ कार्ट कार्डातच आहे. 'सायबरपंक २०७७'सारखा अवाढव्य गेम ६४ जीबीच्या कार्डात पूर्ण भरून देताहेत. म्हणजे मनात आणलं तर जमतं. मोठं कार्ड महाग पडतं म्हणून इतर कंपन्यांना किल्लीचं कार्ड सोयीचं वाटतं, एवढाच त्याचा अर्थ. गेम-की कार्ड दुसऱ्याला देता येतं, विकताही येतं, हे मान्य. पण ज्या सर्व्हरवरून तो गेम उतरतो तो किती वर्षं चालू राहणार? याच कंपनीनं आपल्या ३डीएस आणि वी-यू या यंत्रांची दुकानं मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद केली आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांचं ऑनलाइन खेळणंही थांबवलं. घेतलेले गेम पुन्हा उतरवायची सोय अजून ठेवलीय, 'सध्या तरी' या अटीवर. आमची पिवळी कॅसेट सापडली तर आजही चालेल.

ज्यांनी कार्ड न घेता थेट डाउनलोड विकत घेतलं त्यांच्यासाठी मार्च २०२५ अखेर आणखी एक सोय जाहीर झाली. तिचं नाव 'व्हर्च्युअल गेम कार्ड'. यात डाउनलोड केलेला गेम उसना देता येतो. कुणाला? फक्त आपल्या 'फॅमिली ग्रुप'मधल्या, जास्तीत जास्त आठ जणांपैकी एकाला. किती दिवस? चौदा. पंधराव्या दिवशी गेम आपोआप परत. देताना दोन्ही यंत्रं एकमेकांजवळ असावी लागतात. शेजारच्या पोराला "घासू नको" म्हणून द्यायच्या गोष्टीवर कंपनीनं मुदत, नातं आणि अंतर अशी तिन्ही कलमं लावली. १८८९ साली हनाफुदा नावाचे हाती रंगवलेले पत्ते विकायला निघालेली ही कंपनी. पत्त्यांचा जोड कुणाच्या घरी न्यायचा हे तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकाला विचारलं नसणार.

आता किमतीतली एक गंमत, जी इथल्या गिऱ्हाइकाला महागात पडू शकते. जपानमध्ये हे यंत्र २०२५ मध्ये दोन प्रकारांत आलं. सगळ्या भाषांचा ६९,९८० येनला. फक्त जपानी भाषेचा ४९,९८० येनला, म्हणजे तेव्हाचे साधारण एकोणतीस हजार रुपये. येन घसरलेला, तिथल्या माणसाला परवडावं म्हणून कंपनीनं खास स्वस्त यंत्र काढलं आणि बाहेरच्यांनी ते उचलून नेऊ नये म्हणून भाषा आणि खातं जपानला बांधून टाकलं. देश बघून किंमत लावता येते, याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा नाही. भारतासाठी मात्र स्वस्तही नाही आणि महागही नाही, यंत्रच नाही. आता हा जपानी माल 'स्वस्तात मिळतोय' म्हणून आपल्याकडच्या दुकानांत येणार, आणि हौसेनं घेतलेल्या यंत्रात इंग्रजीसुद्धा सापडणार नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानात जुन्या स्विचचा डबा बघितला. चार्जरला अमेरिकन चपट्या पिना, त्यावर बसवायला सुटा चौकोनी अ‍ॅडॉप्टर, डब्यावर पांढऱ्या चिठ्ठीवर पेनानं लिहिलेली किंमत. "साहेब, वॉरंटी आमचीच समजा," म्हणून दुकानदारानं व्हिजिटिंग कार्ड दिलं. माणूस प्रामाणिक होता, पण त्याच्या हातात आहे काय? जुन्या स्विचच्या कंट्रोलरची कांडी न हलवता आपोआप सरकायची, खेळणारा जागेवर आणि मारिओ दरीत. त्यावरून अमेरिकेत खटले झाले, तिथं कंट्रोलर फुकट दुरुस्त होऊ लागले आणि २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी दिलगिरी व्यक्त केली. आपण ते मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून पदरचे पैसे देऊन करून घेतले.

त्यात मे २०२५ मध्ये कंपनीनं आपला वापर-करार बदलला. अमेरिकेतल्या मसुद्यात आता स्पष्ट लिहिलंय की यंत्रात छेडछाड केली किंवा चोरीचा गेम चालवला तर यंत्र अंशतः किंवा पूर्णपणे कायमचं निकामी करण्याचा हक्क कंपनीला आहे. चोरी करणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण आपला बाजार सेकंडहँड मालाचा. आधीच्या मालकानं आत काय केलंय हे घेणाऱ्याला कसं कळणार? पूर्वी आपल्याकडं प्लेस्टेशन २ चोरीचे गेम चालवणारी चिप बसवूनच विकला जायचा, गिऱ्हाइकाला वाटायचं तो तसाच येतो.

बीडमधून लिहिताना इथं ऊसतोडीचा हिशेब मांडायचा मोह होतो: एवढ्या पैशांसाठी किती टन ऊस तोडावा लागेल वगैरे. मांडत नाही. ज्या घरात कोयता आहे तिथं हा प्रश्न येतच नाही. तिथलं लेकरू तडा गेलेल्या मोबाइलवर फुकटचा गोळीबाराचा गेम खेळतं, आणि २०२५ पर्यंत तरी मध्येच रमीची जाहिरात यायची. मला कुणी विचारलं की मुलासाठी फोन बरा की असं यंत्र, तर मी यंत्र म्हणेन. ते बैठकीत टीव्हीला असतं, काय चाललंय ते घरादाराला दिसतं, पैसे विकत घेतानाच जातात, आणि कुणी त्यात पत्ते खेळायला बोलवत नाही.

म्हणूनच या कंपनीनं भारताकडं पाठ फिरवलेली जास्त खटकते. 'राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवला. देव-दानवांच्या युद्धात हरवलेल्या भावाला शोधणारी सर्कशीतली मुलगी, राजस्थानी किल्ल्यांसारखी चित्रं. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी गेम पुरा केला, आणि १८ ऑगस्ट २०२० ला तो सगळ्यात आधी आला कुठं, तर निन्टेन्डो स्विचवर. बाकी यंत्रांवर दोन महिन्यांनी. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. पुण्यातल्या पोरापोरींनी केलेला गेम ज्या यंत्रावर पहिल्यांदा आला, ते यंत्र पुण्यातल्या दुकानात पक्क्या बिलावर मिळत नव्हतं. सोनीनं निदान उशिरा का होईना, २ फेब्रुवारी २०२१ ला प्लेस्टेशन ५ इथं ४९,९९० रुपयांना अधिकृतपणे आणला. महाग होता, पण बिघडला तर कुणाच्या दारात जायचं ते ठाऊक होतं.

तर गेवराईला मी तेव्हा एवढंच कळवलं: पोराला शब्द दिलाय तो पाळा, पण आत्ता हे घेऊ नका, खेळायचंच असेल तर इथं ज्याची कंपनी आहे असं यंत्र बघा. त्यातूनही स्विच २ च हवा असा हट्ट असेल तर डब्यावर कुठल्या देशाचा माल ते वाचा, दुकानातच चालू करून इंग्रजी दिसतं का बघा, आणि बिलावर यंत्राचा सीरियल नंबर लिहून घ्या. पक्क्या बिलाचा भाव वेगळा आहे असं दुकानदार म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा. आणि घाई तर मुळीच नको. दिवाळीपर्यंत थांबा, पहिल्या चार-पाच महिन्यांत जे काही बिघडायचं असेल ते अमेरिकेतल्या लोकांचं बिघडू द्या, त्यांना निदान फुकटात दुरुस्त करून मिळतं.