छातीतली कळ आणि खात्यातली बाकी



जिल्ह्याच्या बैठकीत आपण भावावर बोलतो, कर्जावर बोलतो, विजेच्या बिलावर बोलतो. बैठक संपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि मग चहाच्या टपरीवर एखादा जण बाजूला घेऊन हळूच सांगतो, "छातीत कळ येते हो. डॉक्टर म्हणतात, काही नाही." असे सांगणारे आता एक-दोन राहिलेले नाहीत. म्हणून टपरीवर कुजबुजून होणारी गोष्ट आज या पानावर उघड बोलायचे आम्ही ठरवले आहे.

आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याची हकिकत घ्या. कोरडवाहू जमीन, निम्म्यात कपाशी, निम्म्यात ज्वारी. पावसाने दडी मारली, दुबार पेरणी झाली, बियाण्याची उधारी दुकानदाराच्या वहीत चढली. त्यातच सोसायटीची नोटीस आली. त्या रात्री दोनच्या सुमारास छाती आवळल्यासारखी झाली, घाम फुटला, बोटांना मुंग्या आल्या, आता आपण जातो असे वाटले. जीप करून तालुक्याला नेले. कार्डिओग्राम काढला, रक्त तपासले. हृदय ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." टेन्शन काय कोणी बाजारातून पिशवीत भरून आणतो? गडी घरी आला. जीपच्या भाड्यावरून मुलगा कुरकुरला, पारावर कोणी म्हणाले, "नाटक आहे." पुढच्या वेळी कळ आली तेव्हा त्याने कोणालाच सांगितले नाही. आम्हांला भीती वाटते ती या न सांगण्याची.

आमचे म्हणणे दोन वाक्यांचे आहे. काळजीने येणारी छातीतली कळ खरी असते. आणि ती काळजीचीच आहे, हे घरी बसून कोणालाही ठरवता येत नाही.

पहिले वाक्य आधी. बांधावर अचानक साप दिसला तर काय होते? काळीज धडधडते, श्वास भराभर चालतो, अंग ताठते. पळायला किंवा लढायला शरीर तयार होते. साप निघून गेला की शरीर निवते. नोटीस मात्र निघून जात नाही. ती फळीवर ठेवलेली असते आणि रात्री डोळ्यांपुढे उभी राहते. शरीराला साप आणि नोटीस यांतला फरक कळत नाही. रक्तात तोच रस सुटतो, हृदय तसेच धावते, फासळ्यांमधले स्नायू आखडून दुखू लागतात. श्वास उथळ आणि भरभर झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, चक्कर येते. माणूस आणखी घाबरतो, श्वास आणखी वाढतो. हा फेरा बहुधा दहा-वीस मिनिटांत कळसाला जाऊन उतरतो. यात नाटक कुठे आले?

हे दुबळ्या मनाचे लक्षण आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचे भाव चढले, आणि युद्ध संपताच कोसळले. भावाची ही बाजू आपल्याला ठाऊक आहे. त्याच युद्धातल्या सैनिकांवर जेकब डा कोस्टा नावाचे डॉक्टर उपचार करत होते. छातीत दुखणे, धडधड, दम लागणे अशा तक्रारी घेऊन शेकडो सैनिक येत, आणि हृदय तपासले तर मोठा बिघाड सापडत नसे. १८७१ साली त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केले. अतिश्रम, ताप, हगवण ही कारणे त्यांनी दिली. मनावरच्या ताणाचा त्यातला वाटा पुढच्या डॉक्टरांनी ओळखला. तोफांपुढे उभे राहिलेल्या माणसांना कोणी भित्रे म्हणेल काय? मग तीन हंगाम पावसाच्या भरवशावर जुगार खेळणाऱ्या शेतकऱ्याला का म्हणावे?

आता दुसरे वाक्य, आणि ते जिवाचे आहे. काळजीची कळ आणि हृदयविकाराचा झटका वरून सारखे दिसू शकतात. छातीच्या मध्यभागी ओझे ठेवल्यासारखे दडपण, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, गार घाम, मळमळ, चालताना वाढणे, ही झटक्याची लक्षणे. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी कधी दुखतही नाही. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखे होते, अपचन वाटते. म्हणून पहिल्यांदा कळ आली, किंवा काही मिनिटांत थांबली नाही, तर १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. सकाळची वाट पाहू नका, ओवा-सोडा घेऊन पडून राहू नका, रोग्याला मोटारसायकलवर एकट्याला धाडू नका. पहिला कार्डिओग्राम साफ आला तरी डॉक्टरांनी थांबायला सांगितले तर थांबा. झटक्यातही पहिली पट्टी कधी कधी साफ येते.

कपाशीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. फवारणी करून आल्यावर छाती आवळली, डोळ्यांना आणि तोंडाला पाणी सुटले, दिसायला अंधुक झाले, तर ती विषबाधा समजा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

"काळजीचेच आहे" असे डॉक्टरांनी सांगितले म्हणजेही विषय संपला असे होत नाही. २००४ साली बावन्न देशांतल्या रोग्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतही होता. सततचा मानसिक ताण असणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके जास्त आढळले. आणि मोठ्या दुःखाच्या धक्क्याने हृदयाचा स्नायू काही काळ खरोखरच लुळा पडतो, हे जपानी डॉक्टरांनी १९९०च्या सुमारास दाखवून दिले. पाळी गेलेल्या बायकांत ते जास्त दिसते. 'धसका घेतला' असे आपल्या आज्या म्हणत, ते अगदीच वेडेपणाचे नव्हते.

मग करायचे काय? तपासणी झाली, हृदय ठीक आहे हे कळले, आणि पुन्हा तशीच कळ आली, तर बसा. पोट फुगेल असा श्वास नाकाने सावकाश घ्या आणि घेतला त्याहून जास्त वेळ लावून सोडा. पाच मिनिटे करा. खर्रा, बिडी आणि दारू यांनी कळ थांबत नाही. दारूने रात्र निघते, पण सकाळी धडधड दुप्पट होते. वारंवार होत असेल तर यावर बोलून करायचे उपचार आहेत, औषधेही आहेत. जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टर असतात. त्यांच्याकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा फुकटचा नंबर आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. जगणे नको असा विचार मनात आला तर त्याच घडीला हा फोन करा आणि घरच्या एका माणसाला उठवून सांगा.

आता थोडे आमच्याच पदरात. शेतकऱ्याचा रोग एकच, तो म्हणजे भाव, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. ते खोटे नाही. ज्या घरात पेरणीचा खर्चही निघत नाही त्या घराला कोणते औषध शांत झोप देईल? पण ते अर्धेच खरे आहे. भाव मिळेपर्यंत छाती वाट पाहत नाही. लढा लांब आहे, आणि लढायला माणूस उरला पाहिजे. ज्या आंदोलनात जेलमध्ये जाण्याची लाज वाटली नाही, तिथे "मला रात्री भीती वाटते" म्हणण्याची लाज का वाटावी?

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावच्या शाखेने दोन माणसे ठरवावीत. कोणाला कळ आली तर त्यांनी बरोबर जायचे, भाड्याची चर्चा नंतर करायची. आणि ज्याला काळजीने झोप येत नाही त्याच्याजवळ बसून सोसायटी, बँक, दुकानदार, सावकार अशी सगळी बाकी एका कागदावर मांडायची. अंधारात मोजलेले कर्ज नेहमीच जास्त भरते. कागदावर आले की त्यातले कोणते आधी, कोणते नंतर, कोणत्या व्याजावर भांडायचे, हे चार जणांना मिळून ठरवता येते.

पुढच्या बैठकीत भावाचा ठराव होईलच. त्याआधी शेजारी बसलेल्याला एवढे विचारा, "झोप लागते का रे?" आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या.