फडताळातली बाटली

दर आठवड्याला या पानावर मी घरोघरच्या लहानसहान कुरबुरी मांडत असतो. त्यामुळं आमच्या नातेवाइकांचा असा समज झाला आहे की, कुरबुरी मिटवण्याचंही मला काही अंग आहे. तसं ते मुळीच नाही. तरीही दसरा झाला आणि धाकट्या बहिणीचा, कुमुदचा पुण्याहून फोन आला, "दादा, दोन दिवस येऊन जा. बापलेकीचा अबोला चाललाय. एक जण बाहेरच्या खोलीत जेवतो, दुसरी स्वयंपाकघरात. मी मधल्या मधे आमटी वाहतेय!"

गेलो. प्रकरण असं होतं. माझी भाची मुक्ता यंदा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, तीही चांगल्या मार्कांनी. आमचे मेहुणे वसंतराव यांनी तिच्या एम.बी.ए.साठी पैसे बाजूला काढून ठेवले होते. आणि पोरीनं जाहीर केलं की, तिला 'पर्यावरण-आरोग्या'त पुढलं शिक्षण घ्यायचं आहे.

"म्हणजे काय, ते तुम्हीच विचारा तिला," वसंतराव मला म्हणाले. "मी विचारलं तर म्हणते, पाणी, हवा, सांडपाणी, कचरा, कारखान्यातली धूळ यांच्यामुळं माणसं आजारी का पडतात ते शिकायचं. अहो, एवढी शिकून मुलगी गटारं तपासत हिंडणार! आमच्या आजोबांच्या वेळी त्याला सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणत."

मला मनातून त्यांचं थोडं पटलंही होतं. पण मामाचं नातं असं की, निकाल देण्याआधी दुसरी बाजू ऐकावी लागते.

दुसऱ्या बाजूनं चहाचा कप माझ्यापुढं ठेवला आणि सगळा नकाशा मांडला. डॉक्टर झालेल्यांना समुदाय-वैद्यकात एम.डी. करता येतं. इंजिनिअर असेल तर पर्यावरण अभियांत्रिकी. पूर्वी याच विषयाला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी म्हणत. नागपूरची 'नीरी' १९५८ साली निघाली ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था म्हणूनच. 'पर्यावरण' हा शब्द तिच्या नावात १९७४ साली आला. मुक्तासारख्या बी.एस्सी.वाल्यांना पर्यावरणशास्त्राचं एम.एस्सी. किंवा सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, एम.पी.एच., या दोन वाटा. एम.पी.एच. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आहे, इतरही विद्यापीठांत आहे. दोन वर्षं. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, विषशास्त्र, कायदे, आणि प्रत्यक्ष वस्तीत जाऊन काम.

"आणि नोकरी?" मी वसंतरावांचा प्रश्न माझा म्हणून विचारला.

"खोटं नाही सांगत, मामा. विलायतेत या कामाचा स्वतंत्र अधिकारी असतो, त्याचं शिक्षण ठरलेलं, नोंदणी ठरलेली. आपल्याकडे तेच काम चार कपाटांत वाटून ठेवलंय. नळ इंजिनिअरकडे, डास आरोग्य खात्याकडे, धूर प्रदूषण मंडळाकडे, मिठाई अन्न आणि औषध प्रशासनाकडे. कारखान्यांत जागा असतात, संशोधन संस्थांत असतात, सामाजिक संस्थांत असतात. पुष्कळशा मुदतीच्या असतात. एम.बी.ए.एवढा पगार पहिल्या दिवशी मिळणार नाही. हे मी बाबांनाही सांगितलं. तिथूनच अबोला सुरू झाला."

एवढा प्रामाणिकपणा बापाशी करायची काय गरज होती, असं मला वाटून गेलं. पण मग तिनं मला दिल्लीची गोष्ट सांगितली आणि मी चहा विसरलो.

१९५५ चा हिवाळा. यमुनेला पूर आला, ओसरताना पात्र सरकलं आणि शहराचं मैलापाणी वाहून नेणाऱ्या नाल्याचं पाणी उलटं फिरून पिण्याचं पाणी उचलतात त्या ठिकाणी पोचलं. जलशुद्धीकेंद्राच्या लोकांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी क्लोरीन वाढवला. तरी पुढल्या दोन महिन्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. "आणि गंमत बघ," मुक्ता म्हणाली, "त्याच पाण्यानं मुदतीच्या तापाची साथ मात्र आली नाही. क्लोरीननं जंतू मारले, विषाणू निसटला. पुढं पंचवीस वर्षांनी, जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले तेव्हा कळलं की ही ओळखीची 'ए' कावीळ नव्हतीच. आज तिला 'ई' म्हणतात. कुणीतरी माणसं मोजली, घरं मोजली, नमुने जपले, म्हणून कळलं. मला ते कुणीतरी व्हायचंय."

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला माणसांचे हातपाय एकाएकी लुळे पडू लागले, ते गिया-बारेचं दुखणं पुणेकर विसरलेले नाहीत. तेव्हाही काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि सगळ्यांच्या नजरा विहिरीच्या पाण्याकडे वळल्या. मुक्ताच्या डोक्यात हे खूळ तेव्हाच शिरलं, असं कुमुदचं म्हणणं.

आता योगायोग असा की, कुमुदच्या सोसायटीत पंधरा दिवसांपासून पोरांना जुलाब होत होते आणि वसंतराव सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी महापालिकेच्या नावानं दोन पानी खरमरीत तक्रारअर्ज लिहून तयार ठेवला होता. तो त्यांनी मला मोठ्यानं वाचूनही दाखवला. भाषा बरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं तेव्हा मुक्ता मला घेऊन खाली गेली. पालिकेच्या नळाचं पाणी तिनं काचेच्या नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले; पाणी पिवळं झालं. म्हणजे क्लोरीन आहे. मग सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीतलं घेतलं. थेंब टाकले. पाणी होतं तसंच.

"लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक हवा," ती म्हणाली. "नळात आहे, टाकीत नाही. म्हणजे टाकीत कुणीतरी तो खातंय."

आम्ही वाकून पाहिलं. टाकीपासून तीन हातांवर ड्रेनेजचं चेंबर, तुडुंब. मधल्या भिंतीला ओल. तक्रारअर्जाचा पत्ता चुकला होता, एवढं मलादेखील कळलं.

तिनं त्या पाण्याची एक छोटी बाटली भरली. आत औषध लावलेली कागदाची पट्टी होती. ही बाटली एक-दोन दिवस उबेत ठेवायची. पाणी काळं झालं तर मैल्याचा संशय. ऊब कुठं, तर फ्रिजच्या मागच्या अंगाला, फडताळात. तिथं चिवड्याच्या पोह्यांचा डबा आणि साजूक तुपाची बरणी. कुमुदनं जो आकांत केला तो इथं लिहिण्यासारखा नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून आम्ही मामा-भाची गॅलरीत बसलो. बोलता बोलता मी श्रीकांतचं नाव काढलं. श्रीकांत माझा पाठचा भाऊ. १९६८ च्या पावसाळ्यात साताऱ्याच्या वाड्यात मुदतीच्या तापानं गेला. तो पाच वर्षांचा, मी नऊ. कुमुद त्यानंतर वर्षानं जन्मली. आईनं पुढं त्याचं नाव कधी घेतलं नाही, म्हणून आम्हीही घेतलं नाही.

मुक्ता हळहळेल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, "मामा, त्या पावसाळ्यात वाड्यात आणखी कुणाला ताप आला होता?"

मी बोटं मोजू लागलो. मागच्या सोप्यातली दोन भावंडं. वरच्या मास्तरांची मुलगी. आमचा श्रीकांत. पुढच्या बिऱ्हाडांत कुणालाच नाही.

"पुढच्यांचं पाणी कुठलं?"

"त्यांनी नळ घेतला होता. आम्ही आडाचं प्यायचो."

"आणि संडास?"

संडास आडाच्या मागंच होते. मोरी कठड्याला लागून जायची. पावसाळ्यात तुंबायची. त्यात आम्ही कागदाच्या होड्या सोडायचो.

डॉक्टर आले होते, वैद्य आले होते, आत्यानं अंगारा आणला होता. नशीब, पत्रिका, पावसाची हवा, सगळ्यांची नावं निघाली होती. आडाचं नाव कुणी घेतलं नव्हतं. श्रीकांत गेल्यावरसुद्धा आम्ही वर्षभर त्याच आडाचं पाणी पीत राहिलो. मुक्ता काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं आतून माझी शाल आणून दिली.

तिसऱ्या दिवशी पहाटे वसंतराव दूध तापवायला उठले. फडताळ त्यांनीच उघडलं. मी उठून गेलो तेव्हा ते बाटली दिव्यापुढं धरून उभे होते. पाणी शाईसारखं काळं झालं होतं.

"हा पुरावा नाही, बाबा," मागून मुक्ता म्हणाली. अबोल्यानंतरचं तिचं हे पहिलं वाक्य. "नुसता संशय आहे. नमुना प्रयोगशाळेत द्यायला हवा."

"कुठं असते ती?" वसंतरावांनी विचारलं.

दोघं स्कूटरवरून गेले. अहवाल आला, त्यात ई. कोलाय निघाले. मधे टाकी उपसली, चेंबर मोकळं केलं, भिंतीची चीर बुजवली. तेवढे दिवस सोसायटीनं टँकर आणला आणि पाणी उकळून प्यायलं. सभेत कुणीतरी खर्चावरून कुरकुर केली तेव्हा सेक्रेटरींनी ०.२ मिलिग्रॅमचा आकडा असा काही फेकला की, जन्मभर ते हेच करत आले असावेत. तो तक्रारअर्ज मात्र त्यांनी फाडला नाही. भाषा चांगली उतरली आहे, पुढं कधीतरी उपयोगी पडेल म्हणतात.

परवा कुमुदचा फोन होता. एम.पी.एच.च्या प्रवेशाचा अर्ज भरून झाला आहे. वसंतरावांची कुरकुर अजून चालू आहे, पण आता ती वसतिगृहातल्या पाण्याबद्दल. काचेची नळी आणि थेंबांची बाटली त्यांनी स्वतःच्या पैशांनी आणखी एक विकत आणली आहे.

"आणि दादा," फोन ठेवता ठेवता कुमुद म्हणाली, "मुक्तानं मला श्रीकांतचं सांगितलं. त्याचा एखादा फोटो आहे का रे तुझ्याकडे?"

एक आहे. आडाच्या कठड्यापाशी उभा आहे. भाऊबीजेला जाताना घेऊन जाणार आहे.