पेशंटला सांगू नका हं, सिस्टर!

आईचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात आहे हे काकांना ठाऊक, शेजाऱ्यांना ठाऊक, वॉचमनलाही ठाऊक. ठाऊक नसतं ते आईला आणि तिच्या दहा वर्षांच्या पोराला. फाइल कपाटात कुलूपबंद. दारातूनच खूण होते, "पेशंटला काही बोलू नका हं, सिस्टर!" याला आपण माया म्हणतो. हा शुद्ध भित्रेपणा आहे.

आपण गप्प बसलो म्हणून प्रश्न थोडेच थांबतात? रात्री दोन वाजता आई विचारते, "सिस्टर, मी यातून उठत नाही ना?" पोरगा ड्रेसिंगच्या ट्रेकडे बघत विचारतो, "मी त्रास दिला म्हणून झालं का?" त्या वेळी घरातले कर्ते पुरुष बाहेर कुणाच्या तरी अंगाऱ्याची चौकशी करत असतात. सिस्टर पोराला जवळ बसवते. तुझ्यामुळे काही झालेलं नाही, हात धरल्यानं हा आजार लागत नाही, असं सांगते. सुकलेल्या ओठांवरून ओला बोळा कसा फिरवायचा ते त्याच्याकडूनच करवून घेते. दुसऱ्या दिवशी काका तिच्यावरच खेकसतात, "पोराला घाबरवलंत!"

वेदनाशामक मॉर्फिनचीही तीच कथा. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाली ती वेदनाग्रस्तांना ते मिळावं म्हणून. पण 'सवय लागेल' म्हणत आपणच गोळ्या लपवतो. बाई कण्हतेय आणि आपल्याला काळजी तिच्या व्यसनाची!

अशा रुग्णांची काळजी घेणारी हॉस्पिस, म्हणजे शुश्रूषा केंद्रंही आहेत: मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून, पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र 1997 पासून. दोन्हीकडे शुश्रूषा विनामूल्य. तरी पाय अडतो, कारण 'आईला तिथं टाकली' असं लोक म्हणतील. ती घरात तळमळली तर मात्र कुणी काही म्हणत नाही.

आणि जिच्यावर हे सगळं ढकलतो, त्या सिस्टरचा मान काय ठेवतो? 1967 साली लंडनमध्ये आधुनिक हॉस्पिसची सुरुवात करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स मूळच्या नर्स. आपल्याकडे स्थळ बघताना 'नर्स नको, नाइट असते' म्हणून पत्रिका परत जाते. कंत्राटावर तुटपुंज्या पगारात राबणारी हीच मुलगी आपल्या आईची घाण काढते, तेव्हा तिची नाइट चालते.

तेव्हा सिस्टर पोराशी बोलायला बसली की तिला अडवू नका, शेजारी बसा. आणि आईला काय हवंय, ते एकदा आईलाच विचारा.