खाकीतला मुसलमान दोन्हीकडे परका का?

पोलिसांचा विषय निघाला की आपल्या समाजात तक्रारींची यादी सुरू होते. ती यादी खोटी नाही. १९९२-९३च्या मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या न्या. श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांच्या मुस्लिमविरोधी पूर्वग्रहावर नेमके बोट ठेवले. मालेगावच्या २००६च्या स्फोटांत पकडलेले मुस्लिम तरुण पाच वर्षे तुरुंगात होते. २०१६मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. हे विसरा, असे मी कुणाला सांगणार नाही.

पण या चर्चेत एक माणूस नेहमी राहून जातो, तो म्हणजे वर्दीतला मुसलमान. मोहल्ल्यात काहीजण त्याला ‘खबऱ्या’ म्हणतात. ठाण्यात वातावरण तापले की सहकाऱ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ यांनी २०१९मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे निम्म्या पोलिसांना मुसलमान स्वभावतःच गुन्ह्याकडे कमी-अधिक झुकलेले वाटत होते. ज्यांचे मत असे आहे, त्यांच्याच शेजारी बसून हा हवालदार डबा खातो, त्यांच्याबरोबरच बंदोबस्ताला उभा राहतो. त्याच्यावरचा अविश्वास आणि समाजावरचा अविश्वास वेगळे नाहीत. म्हणून त्याला न्याय मिळणे हा आपलाही प्रश्न आहे.

आधी आकडे हवेत. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के आहेत. पोलीस दलात किती? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पूर्वी हा आकडा दरवर्षी छापत असे. २०१३च्या अहवालानंतर ते बंद झाले. तेव्हा देशातील पोलिसांत मुस्लिम सहा टक्क्यांच्या आसपास होते, लोकसंख्येत चौदा. भरती, बढती आणि नेमणुकीचे आकडे सरकारने पुन्हा जाहीर करावेत. यात कुणावर मेहरबानी नाही. आजार किती हे कळल्याशिवाय औषध कसे ठरवणार?

दुसरी गोष्ट नेमणुकीची. मुस्लिमबहुल भागात मुस्लिम अधिकारी द्या, ही मागणी रास्त आहे. पण त्याला केवळ शांतता समितीच्या बैठकीत आणि ईद-मोहरमच्या बंदोबस्तात दाखवण्यापुरते ठेवणे हा अन्यायच. गुन्हे शाखेत, सायबर तपासात, प्रशिक्षण केंद्रातही तो दिसला पाहिजे. हसन गफूर आणि अहमद जावेद हे दोघे मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. क्षमतेचा प्रश्न तेव्हाही नव्हता, आजही नाही.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते. लेखी परीक्षा मराठीत होते, त्यात मराठी व्याकरणही असते. आमची उर्दू माध्यमाची मुले १६०० मीटर झपाझप धावतात आणि समास, प्रयोग, वाक्प्रचारांत अडकतात. दोष मुलांच्या डोक्यात नाही. मराठी हा ‘पास होण्यापुरता’ विषय मानण्याची सवय घराघरांत आहे, काही शाळांतही आहे. पाचवीपासून मराठी नीट वाचली-लिहिली तर भरतीच्या वर्षी धावाधाव करावी लागणार नाही. मशिदीच्या वाचनालयात चार उर्दू वर्तमानपत्रांशेजारी एक मराठी दैनिक ठेवायला किती खर्च येतो?

आणि मुलगी ‘मला पोलीस व्हायचंय’ म्हणाली, तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न तिच्यापुढे टाकू नका. रात्री तक्रार घेऊन ठाण्यात गेलेल्या आपल्याच एखाद्या बहिणीला तिथे आपली भाषा समजणारी महिला शिपाई भेटणे किती मोलाचे आहे, याचा विचार करा.

कायद्यासमोर समान वागणूक मागणे हा आपला हक्क आहे. कायदा राबवणाऱ्यांत सामील होणे हाही हक्कच आहे. पहिल्यासाठी आपण मोर्चे काढतो. दुसऱ्यासाठी अर्ज भरावा लागतो, पहाटे उठून धावावे लागते, अभ्यास करावा लागतो. आणि जो हे सगळे करून वर्दी घालून मोहल्ल्यात परत येतो, त्याला खबऱ्या म्हणण्याऐवजी सलाम करावा लागतो.