यादी दहा वर्षांची हवी

पावसाळा सरला, मैदाने वाळली की जिल्ह्याजिल्ह्यांत निवड चाचण्या सुरू होतात. बुलढाणा, खामगाव, चिखली, मलकापूर, मेहकर, कुठेही जा. सकाळी सातला पांढऱ्या कपड्यांतली पोरे रांगेत उभी असतात आणि टेबलामागच्या दोघा-तिघांपुढे एक कोरा कागद असतो. संध्याकाळपर्यंत त्या कागदावर वेगवान गोलंदाजांची नावे एकाखाली एक लागलेली असतात. हा क्रम लावताना आपण मनात एकच प्रश्न धरतो: पुढच्या महिन्यातल्या सामन्यांत जास्त बळी कोण काढील? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची यादी करताना हा प्रश्न अपुरा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पंचविशीत यांच्यातला कोण धावत येऊन चेंडू टाकत असेल, हे विचारायला हवे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे क्वचितच सारखी येतात.

हा दुसरा प्रश्न रोजच्या रोज विचारणारी मंडळी अमेरिकेत आहेत. तिथे बेसबॉलच्या चाहत्यांमध्ये कागदी संघांचा खेळ रुजला आहे. खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ निवडायचा आणि मैदानावरच्या त्यांच्या कामगिरीवर गुण मोजायचे. 1980 मध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखकाने मित्रांना जमवून त्याला आजचे रूप दिले. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ॲपमुळे या प्रकाराचे नाव खराब झाले, 2025 च्या केंद्रीय कायद्याने तो पैशाचा खेळ बंद झाला, आणि पोरांच्या भल्याच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. पण या खेळातला ‘डायनेस्टी’ नावाचा प्रकार प्रशिक्षकांनी समजून घ्यावा असा आहे. त्यात एकदा घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षे तुमच्याकडेच राहतो. त्यामुळे विशीतला नवखा आणि पस्तिशीतला मुरलेला यांची एकाच यादीत तुलना करावी लागते. त्यातही सर्वांत अवघड क्रमवारी असते ती स्टार्टिंग पिचरची, म्हणजे सामना सुरू करून त्यातले निम्म्याहून अधिक डाव टाकणाऱ्या मुख्य पिचरची. आपल्या नव्या चेंडूच्या गोलंदाजाचे आणि त्याचे काम बरेचसे एकाच जातीचे.

या मंडळींनी ठेचा खाऊन एक गोष्ट शिकून घेतली आहे. फलंदाजाविषयीचे भाकीत पुष्कळदा खरे ठरते, पिचरविषयीचे भाकीत कोपरापाशी मोडते. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या डाव्या कोपरातले तुटलेले लिगामेंट उजव्या हातातला कंडरा लावून दुरुस्त केले. ती शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि आता ती शाळकरी पोरांवरही करावी लागते. टायलर कोलेक शाळेत असतानाच ताशी 100 मैलांच्या वेगाने फेकायचा. 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, तो दुसऱ्या क्रमांकावर उचलला गेला, 2016 मध्ये कोपर गेले, आणि मुख्य लीगमध्ये तो एकही चेंडू टाकू शकला नाही. उलट टारिक स्कूबलची कॉलेजातच कोपराची शस्त्रक्रिया झालेली. 2018 च्या ड्राफ्टमध्ये नवव्या फेरीपर्यंत त्याला कोणी घेतले नाही. 2024 आणि 2025 अशी सलग दोन वर्षे अमेरिकन लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यानेच नेला. म्हणून तिथले जाणते लोक विशीच्या आतल्या भन्नाट वेगवाल्याला यादीत दोन पायऱ्या खालीच ठेवतात आणि एकावर सगळी भिस्त ठेवत नाहीत.

आपल्याकडचा दाखला याहून बोलका आहे. 2018 च्या जानेवारी-फेब्रुवारीत न्यूझीलंडमध्ये 19 वर्षांखालील विश्वचषक झाला. राहुल द्रविड प्रशिक्षक, पृथ्वी शॉ कर्णधार, विजेतेपद भारताचे. त्या संघातल्या वेगवान गोलंदाजांची क्रमवारी तेव्हा देशातल्या कोणाही निवडकर्त्याने अशीच लावली असती: कमलेश नागरकोटी, शिवम मावी, ईशान पोरेल आणि मग अर्शदीप सिंग. नागरकोटीचा वेग ताशी 149 किलोमीटरपर्यंत गेला होता. आयपीएलच्या लिलावात कोलकात्याने त्याच्यासाठी 3.2 कोटी मोजले, मावीसाठी 3 कोटी. अर्शदीपला त्या स्पर्धेत फारसे सामनेही मिळाले नाहीत आणि वर्षभराने पंजाबने त्याला 20 लाखांत घेतले. पुढे काय झाले? नागरकोटीची पाठ गेली, सलग दोन आयपीएल हंगाम त्याला खेळता आले नाहीत आणि भारताची टोपी आजवर मिळाली नाही. मावीही दुखापतींनी बेजार झाला. भारतासाठी सहा टी-ट्वेंटी सामने, एवढ्यावरच त्याचे थांबले. यादीतला चौथा अर्शदीप 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात 17 बळी घेऊन संयुक्त अव्वल ठरला आणि 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत 100 बळी घेणारा पहिला भारतीय झाला.

2018 च्या त्याच 19 वर्षांखालील विश्वचषकात पोरेल जखमी झाला तेव्हा राखीव म्हणून धाडलेला मुलगा आपल्या शेजारच्या अकोल्याचा होता: आदित्य ठाकरे. त्याने प्रथम श्रेणीतले पदार्पण केले ते थेट रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, इंदूरला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. पश्चिम विदर्भातला मुलगा तिथवर पोचू शकतो, याला आता कोणाच्या शिफारसपत्राची गरज नाही. तिथे पोचल्यावर टिकतो का, हा पुढचा भाग, आणि त्याची तयारी जिल्ह्यातच, तुमच्या-आमच्या नेटमध्ये व्हायची असते.

गोलंदाज मोडतो कुठे, ते आपण सगळे जाणतो, तरी पुन्हा सांगतो. कमरेच्या खालच्या मणक्यांत, बहुधा चौथ्या-पाचव्यात, उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या डाव्या बाजूला आधी हाडावर ताण येतो, मग बारीक चीर जाते. तिथले हाड पूर्ण घट्ट व्हायला पंचविशी जवळ यावी लागते. म्हणजे आपण ज्या वयात पोराला ‘आणखी जोरात’ म्हणून ओरडतो, त्या वयात त्याच्या कण्याचे हाड कोवळेच असते. जळगाव जामोद, संग्रामपूर भागातला संत्रा बागायतदार नव्या झाडावर पहिली काही वर्षे बहार धरत नाही. फळ दिसत असूनही तोडून टाकतो. तेवढा धीर आपण चौदा वर्षांच्या गोलंदाजाबाबत दाखवला पाहिजे.

आता यादी लावताना पाहायचे काय? स्पीडगन आपल्याकडे नाही याची खंत अनेक प्रशिक्षक बोलून दाखवतात. नसली तरी काही अडत नाही. मोबाइल पुरे. स्टंपांच्या मागून आणि बाजूने, दोन्हीकडून संथ गतीत चित्रण घ्या आणि मागचा पाय टेकतो त्या क्षणी थांबवा. कंबर आणि खांदे एकाच दिशेला आहेत का? दोन्ही आडवे असोत की दोन्ही समोर असोत, फार बिघडत नाही. पण कंबर फलंदाजाकडे आणि खांदे आडवे, आणि तिथून पुढे खांद्यांचा जोरदार पीळ, अशी मिश्र ॲक्शन दिसली तर त्या मुलाचे आजचे बळी कितीही असोत, त्याच्या नावापुढे खूण करा आणि आधी ती ॲक्शन सरळ करा. बळींचा हिशेब नंतर.

दुसरी कसोटी त्याहून साधी. क्रीझवर चुन्याची फक्की पातळ पसरून ठेवा आणि षटक झाल्यावर पुढच्या पायाचे ठसे पाहा. सहा ठसे बुटाच्या रुंदीभर जागेत पडले असतील तर मुलाला आपली ॲक्शन सापडली आहे. हातभर पसरले असतील तर तो दर चेंडूला नवी ॲक्शन करतो आहे, आणि प्रत्येक वेळी शरीरावर वेगळ्या जागी ताण घेतो आहे. हेच पुन्हा तिसऱ्या स्पेलला करा, दुपारी तीनच्या उन्हात, पाय जड झालेले असताना. खामगाव-मलकापूरच्या सपाटीवरच्या उन्हात दुपारचे ठसे सकाळसारखेच उमटवणारा मुलगा आमच्या यादीत वर जाईल, मग सकाळी त्याच्याहून दुसरा कोणी चार यार्ड वेगवान का असेना.

वयाचेही बोलले पाहिजे. सोळा वर्षांखालील गटात भारतीय क्रिकेट मंडळ मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचे वय तपासते, ते खोट्या दाखल्यांमुळे. पण दाखला शंभर टक्के खरा असला तरी दोन पंधरा वर्षांच्या मुलांची शरीरे सारखी नसतात. एकाला मिसरूड फुटलेली, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. पहिला आज वेगवान वाटतो कारण तो वाढून बसला आहे; दुसऱ्याची अजून सहा इंच उंची यायची आहे. आपल्या यादीत वरची नावे बहुतेक लवकर वाढलेल्या मुलांची असतात, आणि एकदा खाली गेलेला उशिराचा मुलगा पुढच्या वर्षी चाचणीला फिरकतच नाही. विदर्भातल्या क्रिकेटचे सर्वांत मोठे नुकसान आम्ही यात पाहतो.

उमेश यादव आठवा. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. एकोणीस-वीस वर्षांचा होईपर्यंत तो टेनिस चेंडूनेच खेळत होता. चौदा, सोळा वर्षांखालील कोणत्याही यादीत त्याचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. 2008 च्या नोव्हेंबरात एकविसाव्या वर्षी तो रणजी खेळला, 2011 मध्ये कसोटी, आणि 57 कसोटींत त्याने 170 बळी घेतले. रजनीश गुरबानी अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेला. 2017-18 च्या रणजी उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर कर्नाटकाविरुद्ध विदर्भ 5 धावांनी जिंकला तो दुसऱ्या डावातल्या त्याच्या 7 बळींमुळे. मग इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक घेतली आणि विदर्भाने पहिल्यांदा करंडक उचलला. तेव्हा तो चोविशीत होता. सोळाव्या वर्षी यादी बंद करणाऱ्याला हे दोघे सापडलेच नसते. म्हणून जिल्ह्याच्या यादीत वीस वर्षांपर्यंतच्या नव्या नावासाठी एक जागा कायम मोकळी ठेवा, आणि ती भरायला चिखलीच्या किंवा देऊळगाव राजाच्या टेनिस स्पर्धेला स्वतः जाऊन उभे राहा.

फिरकीचे गणित निराळे आहे. तिथे शरीर कमी मोडते आणि कला उशिरा पिकते. हर्ष दुबेने 2024-25 च्या रणजी हंगामात 69 बळी घेऊन एका हंगामातल्या सर्वाधिक बळींचा विक्रम केला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. फिरकीपटूंची यादी वेगळी ठेवा. त्याविषयी पुन्हा कधीतरी.

वर टेनिस चेंडूच्या स्पर्धांचा विषय निघालाच आहे, तर मुख्य मुद्द्याकडे येतो. सकाळी शाळेचा सामना, संध्याकाळी गावात दिव्यांच्या उजेडात टेनिस बॉलची स्पर्धा, दुसऱ्या दिवशी अकादमीचे नेट, रविवारी शेजारच्या तालुक्यात बोलावून नेलेला ‘पाहुणा खेळाडू’. पोरगा एकच, कंबर एकच. शाळेच्या सरांना वाटते त्याने आठच षटके टाकली. अकादमीला वाटते अर्धा तास नेट झाले. बेरीज कोणाकडेच नाही. दुखापत बहुधा त्या दिवशी दिसत नाही. अचानक वाढलेला भार तीन-चार आठवड्यांनी अंगावर येतो, आणि मग ‘परवापर्यंत तर बरा होता’ असे आपण म्हणतो.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मुलांसाठी घालून दिलेल्या मर्यादा वर्षानुवर्षे जाहीर आहेत: 13 वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये 5 आणि दिवसात 10 षटके, 15 खालच्याला 6 आणि 12, 17 खालच्याला 7 आणि 18. अमेरिकन बेसबॉलमध्ये 15-16 वर्षांच्या पिचरला दिवसाला 95 चेंडूंची मर्यादा आहे आणि 76 किंवा त्याहून अधिक टाकले तर चार दिवस सक्तीची विश्रांती. जसप्रीत बुमराहसारख्या तयार गोलंदाजालाही 2024-25 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात 151.2 षटकांनंतर सिडनीत पाठीमुळे मैदान सोडावे लागले. ज्याच्या मागे फिजिओंचा ताफा असतो त्याची ही गत, तर मोताळ्याहून एसटीने चाचणीला येणाऱ्या पोराच्या कमरेवरच्या भाराची मोजदाद आपण ठेवायची नाही तर कोणी?

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रशिक्षकाला, क्रीडाशिक्षकाला आणि निवडकर्त्याला आमची विनंती आहे. प्रत्येक वेगवान गोलंदाजाच्या हातात चाळीस पानांची एक वही द्या. तारीख, ठिकाण, चेंडू कोणता, षटके किती, नेटमधले चेंडू किती, दुसऱ्या दिवशी कंबर दुखली का. एवढे रकाने पुरे. वही मुलाने स्वतः लिहायची, आठवड्याला तुम्ही सही करायची, आणि दुसऱ्या संघाकडे जाताना ती त्याच्यासोबत जायची. वही नसेल तर चाचणीत गोलंदाजी नाही, हा नियम एका हंगामापुरता तरी करून पाहा. आणि येत्या चाचणीला टेबलामागे बसाल तेव्हा मुलाने धावायला सुरुवात करण्याआधी त्याला एवढेच विचारा, ‘गेल्या चार आठवड्यांत किती षटके टाकलीस?’ तो जो आकडा सांगेल तो त्याच्या नावापुढे लिहा, आणि क्रम त्यानंतर लावा.