आधी मोजा, मग सेन्सर बदला

ऊस सुरू झाला की न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाताना ट्रॉल्यांमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगावं लागतं. अशात इंजिनाची लाईट पेटते, फॅन थांबायचं नाव घेत नाही. शिरूर असो की दौंड, गॅरेजवाला स्कॅनर लावतो आणि सांगून मोकळा होतो, ‘टेंपरेचर सेन्सर गेला.’ नवा बसतो, पैसे जातात आणि अनेकदा तीच लाईट पुन्हा पेटते.

स्कॅनरवर आलेला पी०११८ म्हणजे सेन्सर मेला असं नव्हे. सर्किटमधलं व्होल्टेज प्रमाणाबाहेर वाढलंय, एवढंच तो कोड सांगतो. तार तुटली असेल, कपलरमध्ये हिरवा गंज चढला असेल किंवा खरंच सेन्सर गेला असेल. रांजणगावच्या कारखान्यात पूर्वी फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन बनायचं. ते बसवलेल्या व्हिस्टा, पुंटो आता जुन्या झाल्या. अशा वयाच्या गाडीत मी आधी वायरिंगवरच संशय घेईन.

तपासणी अवघड नाही. रात्रभर उभ्या गाडीची सकाळी फक्त चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर सर्किट कुठेतरी तुटलंय. मग कपलर काढून सेन्सरला मल्टिमीटर लावा. बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम येतात, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. आकडे बरोबर आले तर सेन्सर निर्दोष, दोष तारेत शोधा.

आपल्याकडे गाडी तापेल या भीतीने थर्मोस्टॅटच काढून टाकतात. हे मला अजिबात पटत नाही. इंजिन पुरेसं तापतच नाही, सेन्सर खरं तेच सांगतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, थंड इंजिनाच्या हिशेबाने इंधन सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज पडतं आणि बोल सेन्सरला लागतो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतणंही तसंच. क्षार साचतात. शिवाय पातळी उतरली की सेन्सर कूलंटऐवजी वाफेत राहतो आणि भलताच आकडा देतो.

काटा लाल पट्ट्यात गेला तर मात्र गाडी लगेच बाजूला घेऊन बंद करा, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि पुढच्या वेळी गॅरेजात सेन्सर बदलू म्हणाले, तर आधी मीटरवरचा आकडा दाखवायला सांगा. तो पाहिल्याशिवाय नव्या सेन्सरचे पैसे देऊ नका.